तंजावरची नोंद

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांनी मग विद्येत मन घातलं. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करत. पारखून घेतलेली औषधं तिथे लिहून ठेवली जात. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ हे तमिळ ग्रंथ त्यातूनच आले. नेत्ररोग्यांची तर टिपणं आहेत, सोबत त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं! सरस्वती महाल ग्रंथालयाने ती जपली आहेत. त्या काळी औषधाला परवाना देणारं कुणी नव्हतं. तरीही गुण आला की नाही, हे लिहून ठेवावं असं त्या राजाला वाटलं.

नोंद ठेवण्याची ही सवय किती मोलाची, ते क्षयावरच्या बेडाक्विलिन या औषधाने दाखवलं.

२०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी जगापुढे मांडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने बेडाक्विलिनला मंजुरी दिली, पण धोक्याच्या ठळक इशाऱ्यासह. चाचणीत हे औषध घेणाऱ्या ७९ जणांपैकी १० दगावले होते. न घेणाऱ्या ८१ पैकी दोन. शिवाय हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याची भीती होती. भारताने २०१६ मध्ये मोजक्या सहा केंद्रांपुरतं ते खुलं केलं. सावधगिरी रास्त होती. पण पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ते मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१७ च्या जानेवारीत तिला औषध मंजूर झालं. ती मुलगी पुढच्या वर्षी गेली.

भीती खरी होती का? उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आलं. तिथे हे औषध सरकारी कार्यक्रमातून हजारोंना दिलं गेलं आणि प्रत्येकाची नोंद ठेवली गेली. घेणाऱ्यांत मृत्यू कमी आढळले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेडाक्विलिनला पहिल्या पसंतीच्या औषधांत बसवलं.

भारताच्या २०१९ च्या नियमांत, जीवघेण्या आजारासाठी मंजुरी न मिळालेलं नवं औषध परवानगीने आणण्याची वाट आहे. ती रुंद व्हायला हवी, जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोचायला हवी. मात्र असं औषध घेणाऱ्या प्रत्येकाचं पुढे काय झालं, हे नावं वगळून सरकारने दरवर्षी जाहीर केलं पाहिजे.