बासरी बरोबर होती

पहिला अंक पडल्यावर बासरीवाला विंगेत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, वरच्या सप्तकात तुमचं चढतंय."

मी म्हणालो, "एसीत बासरी उतरते रे. जरा फुंकून गरम करून घे."

गार हवेत बासरी उतरते हे खरंच आहे, त्यामुळे तो बिचारा गप्प बसला. त्याची पाठ वळताच मी माझ्या सिंथेसायझरची ट्यूनची नॉब गुपचूप थोडी उतरवली. म्हणजे आतून मलाही ऐकू येत होतं. वरचा स्वर जुळला, पण त्यामुळे खालचा उतरला. शेवटच्या प्रवेशात मला खाली लांब सा धरायचा होता आणि त्यावर बासरी एकटी वाजणार होती. तो सा कसा लागला असेल, ते सांगत बसत नाही.

वाद्य मीच बनवलेलं होतं. एक ऑसिलेटर, एक फिल्टर, सागवानी खोका आणि मोडक्या कीबोर्डच्या पट्ट्या. १९८२ साली मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा रागांची रेकॉर्ड काढली होती. ती फार उशिरा माझ्या कानावर पडली आणि डोक्यात खूळ शिरलं. ती यंत्रं परवडणारी नव्हती, म्हणून पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या फेऱ्या सुरू झाल्या.

अशा वाद्याचा हिशेब कागदावर सोपा दिसतो. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जायला हवा, म्हणजे दर पट्टीला ८३.३ मिलिव्होल्ट. आत ट्रान्झिस्टरची एक जोडी असते. तिच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की प्रवाह दुप्पट होतो आणि प्रवाह दुप्पट झाला की कंपनंही दुप्पट. पण हा १८चा आकडा तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला शेकडा ०.३३ इतका. म्हणून बेसपाशी उष्णतेबरोबर तेवढाच वाढणारा खास रेझिस्टर लावतात. त्याला टेम्पको म्हणतात.

सर्किटच्या नकाशात त्या रेझिस्टरवर फुली होती आणि खाली टीप होती. ती मी वाचली होती. काउंटरवर मात्र "वन के द्या" एवढंच म्हणालो. समोरच्या मुलाने वन केचा साधा मेटल फिल्म पुढे केला, तो मी खिशात टाकला. टेम्पको गल्लीत मिळत नाही हे मला आधीच कळलं होतं, आणि बाहेरून मागवून महिनाभर थांबायची माझी तयारी नव्हती.

ट्रान्झिस्टरची जोडी जमवतानाही असाच घायकुतेपणा केला. वीस नग घेऊन एकेक बोटांत धरून मीटरवर मोजले. बोटांच्या उबेने दर अंशाला २ मिलिव्होल्टचा फरक पडतो, हे नंतर समजलं. ज्याला जास्त वेळ धरलं त्याचा आकडा कमी आला, एवढाच त्या मोजमापाचा अर्थ.

पण खरा गाढवपणा पुढेच आहे. सर्किट जुळवायला दोन गोष्टी होत्या, ट्यूनची नॉब आणि स्केलचा प्रीसेट. स्केलचा मल्टिटर्न, बारीक स्क्रू ड्रायव्हरने पंचवीस फेरे फिरणारा. एका व्होल्टला नेमकं एक सप्तक हे त्यावर ठरतं. टेबलावर चांगला मीटर होता. तो बाजूला सारून मी आईचा तंबोरा काढला. मे महिन्यातली दुपार, खोलीत ३४ अंश, आणि तंबोरा नीट ऐकू यावा म्हणून पंखाही बंद. खालचा सा तंबोऱ्याला मिळवला, सात पट्ट्या वर जाऊन पंचम धरला, आणि स्वरांतली लाट पूर्ण थांबेपर्यंत स्केल फिरवत राहिलो. स्केल हलला की सासुद्धा हलतो, मग परत खाली, परत वर. दोन तास हे चाललं. सप्तक काय, कोणालाही जुळवता येतं, पंचमावर लावणाऱ्याचा कान खरा, असा माझा ताठा होता.

तंबोऱ्याचा पंचम सापासून ७०२ सेंटवर असतो, आणि माझ्या पट्ट्या सारख्या अंतराच्या. त्यांत पंचम ७००वर यायला हवा. ते दोन सेंट मी स्केलमध्ये ओतले. बारा पट्ट्यांवर ते साधारण ३.४ झाले, चार सप्तकांवर साडेतेरा. पंचम सुरेख आणि सप्तक बेसूर, असं वाद्य मी अत्यंत काळजीपूर्वक तयार केलं.

नाट्यगृहात एसी २३वर होता. गारठ्याने सप्तक लांबतं. टेम्पको नसल्यामुळे ११ अंशांच्या फरकाने प्रत्येक सप्तक ४४ सेंट लांबलं, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. त्यापुढे माझे ३.४ सेंट किरकोळच होते.

हे सगळं उलगडायला चार महिने लागले, कारण घरी आल्यावर वाद्य पुन्हा बरं वाजायचं आणि मला बासरीवालाच चुकलेला वाटायचा. थंडी पडल्यावर घरातच सप्तक फाकलं तेव्हा कुठे मीटर काढला. मग टेम्पको मागवला, पेस्ट लावून ट्रान्झिस्टरच्या पाठीला बसवला, आणि अर्धा तास वाद्य तापू देऊन फक्त सप्तकं मोजत स्केल लावला. अगदी वरच्या टोकाला स्वर किंचित उतरतो, कारण कपॅसिटर रिकामा व्हायलाही वेळ लागतो. तेही स्केलनेच सुधारायला गेलो आणि तळ बिघडवला. त्यासाठी वेगळा प्रीसेट असतो. तो मी बसवलाच नव्हता, आता बसवला आहे.

बासरीवाल्याला फोन करून सांगितलं. म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. पण वाद्य तुम्ही स्वतः बनवलेलं ना, म्हणून पुढे काही बोललो नाही."

खोक्याच्या तळाला आतून पेन्सिलीने लिहून ठेवलंय : स्केल लावला, खोली २७ अंश, मीटरवर.