कोरडवाहू रानाचा जाणता
मराठवाड्यातील कोरडवाहू, म्हणजे केवळ पावसाच्या भरवशावर असलेली, जमीन जन्मभर कसणारा वृद्ध शेतकरी निवर्तल्यावर तलाठी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत वारसांची नावे लिहितो, आणि फेरफार मंजूर होताच सातबारा या हक्क व पिके एकत्र दाखवणाऱ्या उताऱ्यावरून त्या जाणत्याचे नाव कमी होते. १९७२ च्या दुष्काळात त्याच्या पिढीने सरकारी कामांवर खडी फोडली, जनावरे डोळ्यांदेखत खंगताना पाहिली, तरी पाऊस परतताच त्याच रानात पुन्हा तिफण धरली. एवढ्या सोशिकतेची नोंद कोणत्याही दप्तरात नसावी, हे मनाला लागते. कोणत्या वावराला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आधी येतो, कोणत्या बांधाखाली पाणी मुरते, हे त्याने कधी लिहून ठेवलेले नसते, आणि वारसांना ते विचारावेसे वाटते ते बहुधा पुढच्या पेरणीला.