त्वचेपर्यंत पोचलेला कर्करोग

पुणे जिल्ह्यातील भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या डोंगरी तालुक्यांत स्तनातली न दुखणारी गाठ भाताच्या लावणीपुढे मागे पडते, यात नवल नाही. परंतु त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होऊन तिला जखम पडली, की प्रथम केमोथेरपीने गाठ आक्रसवून मगच स्तन, बाधित त्वचा आणि काखेतील लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. उरलेली पोकळी ओढून शिवता येण्याजोगी नसेल, तर मांडीवरील त्वचेचा पातळ थर तेथे बसवतात, किंवा पाठीचा रुंद स्नायू वरच्या त्वचेसह, रक्तवाहिन्या न तोडता, काखेखालून छातीवर वळवतात; यालाच फ्लॅप म्हणतात. येथे पुनर्रचनेचा पहिला हेतू सौंदर्य नसून, जखम भरून रेडिओथेरपी वेळेवर सुरू व्हावी हा असतो.

रोग आरंभीच दूरच्या अवयवांत पसरलेला असेल, तर मात्र हिशेब बदलतो: मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 350 स्त्रियांवर केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केमोथेरपीला प्रतिसाद मिळाल्यानंतर केलेल्या स्तनाच्या शस्त्रक्रियेने व रेडिओथेरपीने आयुष्य वाढले नाही. तरीही रक्ताळणारी, दुर्गंधी सुटलेली जखम काढून टाकल्याने बाई चारचौघांत बसू शकते, आणि हा लाभ आयुर्मानाच्या आकड्यांत मावत नाही. काखेतील ग्रंथी काढलेल्या हाताला सूज येण्याची शक्यता राहते आणि जंतुसंसर्गाने ती बळावते, म्हणून चिखलणीत वा कापणीत विळ्याचा साधा ओरखडाही तिला ताबडतोब धुऊन झाकावा लागतो.