अण्णांची जीप



मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, "ताई, अण्णांच्या जीपला गिऱ्हाईक आलंय. चांगले पैसे देतो म्हणतो. आता तिची काय गरज आहे? देऊन टाकू." मी म्हटले, "विचार करून सांगते." तो विचार करता करता हा लेख झाला.

ही जीप काही नवलाची गाडी नाही. महिंद्राची एम.एम. ५४० आहे. तिला मूळ पेजो कंपनीच्या रचनेचे २११२ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. एका सरकारी कार्यालयाच्या लिलावात अण्णांनी ती १९९४ साली घेतली. त्या वेळी औंढा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. जुन्या आर.सी. बुकात अजून परभणीच लिहिलेले आहे.

पण जीपची गोष्ट १९९४ च्या आधी सुरू होते.

१९७६ चा पावसाळा होता. मी आठ वर्षांची होते. औंढ्याजवळच्या आमच्या मूळ गावी आत्या बाळंतपणासाठी आली होती. रात्री तिला त्रास सुरू झाला. गावात एकच जीप होती. आजोबा मालकाच्या दारात गेले, हात जोडून उभे राहिले. आतून निरोप आला, "डिझेल नाही." सकाळी तीच जीप बाजाराला गेली. आत्याला बाजेवर घालून चिखलातून चौघांनी दवाखान्यात नेले. आत्या वाचली. बाळ मात्र गेले.

औंढ्याच्या देवळाची एक आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. नामदेवांना पुढून उठवून देवळाच्या पाठीमागे जायला सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळले, असे लोक सांगतात. माझी आजी ही गोष्ट ऐकली की म्हणायची, "नामदेवासाठी देऊळ वळलं म्हणे. आमच्या लेकीसाठी जीप काही वळली नाही."

त्या रात्रीनंतर अण्णा बदलले. शेतमजुरी सोडून ते औंढ्याला रस्त्याकडेच्या एका गॅरेजात बिनपगारी राहिले. आधी नट-बोल्ट धुतले, मग पाटे उतरवले, मग इंजिनाला हात लावला. असे करत ते डिझेलचे मिस्त्री झाले.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींतले दोन प्रसंग अण्णा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. पहिला १९०१ सालचा. लहानगे भीमराव भावंडांसोबत मसूर स्टेशनवर उतरले. गाडीवान विटाळ मानत होता. शेवटी दुप्पट भाडे घेऊन तो तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार, असे ठरले. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, सरकारी समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर होते. तरीही टांगेवाले त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईनात. वस्तीतल्या लोकांनी टांगा तेवढा मिळवला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला.

अण्णा म्हणत, "त्या माणसाचा जीव बाबासाहेबांवर होता, पण हातात हुन्नर नव्हता. लेकरांनो, नुसत्या स्वाभिमानानं गाडी चालत नाही. लगामही आपल्याला धरता आला पाहिजे."

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. १९७८ पासून त्यासाठी आपल्या लोकांनी काय सोसले ते या पत्राच्या वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षी अण्णांनी जीप घेतली. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला आम्ही सारे तीत बसून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या गेटला अभिवादन करायला गेलो. आत्या पुढच्या सीटवर बसली होती. वाटेत ती एक शब्दही बोलली नाही. फक्त दाराची कडी धरून होती.

जीप घरी आली तेव्हा तिची तळाची पत्रे गंजून चाळणी झाली होती. अण्णांनी मला मदतीला घेतले. भावाला अभ्यास होता आणि मला लग्नाची स्थळे येत होती. माय म्हणायची, "पोरीच्या हाताला काळं ऑईल लागलं तर कोण करील?" अण्णा म्हणायचे, "ऑईल साबणानं निघतं."

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा पेट्रोलच्या इंजिनापेक्षा दुपटीने दाबली जाते. दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा पडताच पेट घेते. थंडीत हवा पुरेशी तापत नाही, म्हणून आधी हीटर प्लग तापू द्यायचा आणि मगच स्टार्टर मारायचा. हे समजून घेतले की गाडीवर चिडणे थांबते. ती का रुसली ते कळते.

डिझेल गाडीचे दोन वैरी, पाणी आणि धूळ. आमच्या काळ्या मातीच्या भागात दोन्हींची कमतरता नाही. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर दमट हवेतले पाणी आत जमते आणि तळाशी बसते. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवायची आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढायचे. २००३ साली मी आळस केला. पावसात उघड्या राहिलेल्या कॅनमधले डिझेल तसेच ओतले आणि जिंतूर रस्त्यावर जीप बंद पडली. पंप आणि नोझलचे काम निघाले, त्यात माझा एक पगार गेला. अण्णा रागावले नाहीत. काचेच्या बाटलीत ते डिझेल भरून त्यांनी खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी तळाला पाण्याचा थर दिसला. "बघ," एवढेच म्हणाले.

बाकीची निगा घरकामासारखीच आहे. चिखल चासीच्या खाचांत राहू द्यायचा नाही, कारण गंज तिथूनच लागतो. पत्रा घासून रेड ऑक्साईड मारायचे, वर रंग. पाट्यांच्या शॅकलला ग्रीस, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढायची. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहायचेच.

फेरफारही केले, पण बेताने. सीट बेल्ट बसवले. हेडलाईटला रिले लावला, त्यामुळे दिव्यांना पुरता करंट मिळतो आणि स्विच जळत नाही. पाणी वेगळे करणारा जादा फिल्टर लावला. रंग निळा दिला, त्याची आर.टी.ओ.कडे रीतसर नोंद केली. आजची मुले सायलेन्सर कापतात, मोठाली चाके घालतात. त्यांना मी सांगते की जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्धचे फेरफार चालणार नाहीत असा निकाल दिला आहे. ज्यांनी आपल्याला संविधान दिले, त्यांचे नाव काचेवर लिहून कायदा मोडायचा नसतो.

या तीस वर्षांत रेडिएटर बदलला, पिस्टन-लायनर बदलले, पाटे, हूड, तळाचे पत्रे, सगळे बदलले. एकदा माझ्या मुलीने विचारले, "आई, मग ही आजोबांचीच जीप कशी?" मी तिला मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. भदंत नागसेनांनी रथातून आलेल्या राजाला विचारले, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग हे सगळे जुळून आले की त्याला आपण रथ हे नाव देतो, एवढेच. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात, हेही तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपण सोडून दिलं तर ती जीप राहणार नाही." मुले कधी कधी आपल्यापेक्षा नीट ऐकतात.

आता भावाच्या प्रश्नाकडे येते. त्याचे म्हणणे खोटे नाही. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. कुणाच्या दारात हात जोडायची वेळ आता येत नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५,००० रुपये झाले. वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये ते १०,००० झाले. शिवाय पर्यावरण कर. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. म्हणून मी पंप वेळेवर तपासून घेते, धूर काळा येऊ देत नाही आणि जीप महिन्यातून दोन-चारदाच बाहेर काढते.

गरज संपली, हे खरे. पण मला वाटते, गरज संपल्यावर जे आपण प्रेमाने करतो त्याला छंद म्हणतात. आमच्या आजोबांना छंद नव्हता, कारण त्यांची गरज मरेपर्यंत संपली नाही. अण्णांची जीप म्हणजे गरजच होती. ती माझ्याकडे छंद म्हणून आली, यातच दोन पिढ्यांचा प्रवास आहे. शेजारी म्हणतात, "बाई, हे श्रीमंतांचे चाळे." मी त्यांना सांगते, बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आपल्या माणसाने फक्त सोसायचे आणि लढायचे, आनंदाने काही करायचेच नाही, असे कुणी ठरवले?

अण्णा २०११ साली गेले. त्यांचा पान्ह्यांचा डबा माझ्याकडे आहे. रविवारी बुद्धवंदना झाली की वस्तीतल्या चार-पाच मुली जीपजवळ जमतात. बॉनेट उघडले की आधी ऑईलची पट्टी पाहायची, मग पाणी, मग पट्टा, हे त्यांना पाठ झाले आहे. त्यांतल्या एकीने फिल्टर बदलल्यावर इंजिनातली हवा स्वतः काढली आणि गाडी चालू झाली, तेव्हा तिने मारलेली आरोळी सगळ्या वस्तीने ऐकली.

भावाला मी काल फोन केला. म्हटले, "दादू, गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. आणि १४ जानेवारीला सुट्टी काढून ये. गेटला जायचंय. या वेळी गाडी तुझी भाची चालवणार आहे."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "पुढं आत्या बसायची. आता कोण बसणार?"

मी म्हटले, "तू बस. दाराची कडी धरून."

जयभीम.