सहाचा रकाना

ताई, तुझं सुतक तू असतानाच घरात शिरलं होतं. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री भावजी बाथरूमचा नळ मोठा सोडून आत बसून राहिले. जित्या माणसासाठी रडू नये म्हणतात. मग आम्ही सगळेच नळ सोडून रडायला शिकलो. तुला ते कळत होतं. एकदा कूस बदलता बदलता तू म्हणालीस, "पाणी जपून वापरा रे."

मग परळ. टाटा कॅन्सर इस्पितळाच्या बाहेर फूटपाथवर पथारी टाकून राहिलेली माणसं, कुठकुठून आलेली. तिथे कुणी कुणाचं नाव विचारत नाही. "कुठला?" एवढंच विचारतात. "गालाचा. तुमचा?" "गर्भाशयाचा." त्या रांगेत भावजींना जे सोबती मिळाले तसे सख्ख्यांतही मिळाले नाहीत. पण ती सोबत तुझ्या फायलीपुरती होती. फाइल मिटली आणि परळही सुटलं.

हिशोबाच्या जुन्या वहीत त्यांनी रकाने आखले होते. मॉर्फिन दर चार तासांनी, त्याने पोट बांधतं म्हणून रात्री रेचक, तोंड सोलवटलेलं म्हणून साबुदाण्याची पेज गार करून. शेवटच्या दिवशी दुपारी दोनच्या रकान्यात 'घेतली' असं लिहिलंय. सहाचा रकाना नुसता आखलेला आहे.

"सुटली बिचारी," भेटायला आलेले म्हणाले. खोटं नव्हतं ते. तुझं कण्हणं थांबलं तेव्हा मलाही हायसं वाटलं. त्या रात्री भावजींना कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली, आणि त्या झोपेचीच त्यांना शरम वाटत राहिली. हे सांगायचं कुणाला? दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हा तुझं काही राहिलं नव्हतं म्हणत सगळे निवांत झाले. भावजींचं मात्र सगळंच राहिलं होतं.

आपल्या रीतींना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. चूल पेटली नाही त्या घरी शेजारून पिठलं-भात येतो. ज्यांनी हे सुरू केलं त्यांना माणूस कळत होता. पण तेराव्याला सतरंज्या झटकल्या जातात, आणि वर्षभर औषधांच्या वेळांवर चाललेल्या माणसाला अचानक काही कामच उरत नाही.

ज्या टाटांच्या नावाचं ते इस्पितळ, त्यांच्या घरातही हेच झालं होतं. मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. त्यांचे पती दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ त्या आजाराच्या संशोधनासाठी न्यास केला, आणि मेहरबाईंना वर्ष व्हायच्या आत तेही गेले. परळचं इस्पितळ उभं राहिलं १९४१ मध्ये. त्याच्या पायऱ्या झिजवताना आपल्याला याची कल्पना नव्हती. (असती तरी काय, रांग तेवढीच लांब असती.)

सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातलं शुश्रूषागृह, सुरू केलं, तेव्हा माणूस गेल्यावर घरच्यांची विचारपूस करणं हेही त्यांनी कामातच धरलं. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिसही १९८६ पासून आहे. तुझी पॅलिएटिव्हची नर्स महिन्याभराने आली, तेव्हा तिच्या पिशवीत औषधं नव्हती. तिने वही मागून घेतली, एकेक पान उलटलं. भावजी बोलत सुटले, झोपेचंही बोलले. "लागतेच हो," ती म्हणाली. "इतके दिवस जागलात."

वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर तेराव्यानंतर जा. भाड्याचा पलंग परत करायचा असतो, विम्याचे कागद असतात. एखादं काम अंगावर घ्या. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. महिने लोटले तरी अन्न-झोप जाग्यावर येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत चला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते.