आवाजाची सही

आवाज ही माणसाची सहीच होय. नोएडात राहणाऱ्या माझ्या मुलीने संगणकीय खेळांतील पात्रांना आवाज देण्याचे मनावर घेतले आहे. त्यासाठी मिनिटभराचा नमुना पाठवावा लागतो : कधी आजीबाई, कधी रणरागिणी, कधी भेदरलेले पोर. रहदारीचा गोंगाट अडावा म्हणून गोधड्या टांगून तिने तो ध्वनिमुद्रित केला. आरोळ्या शेवटी घेतल्या. आधी घेतल्यास घसा बसतो.

माझी चिंता वेगळी होती. मुद्रित आवाजावरून यंत्र आता हुबेहूब नक्कल करते. याच प्रश्नावर अमेरिकेतील अशा कलावंतांनी २०२४ साली पुकारलेला संप जवळजवळ वर्षभर चालला. मी तिला म्हणाले, "बाळ, आवाज अवश्य दे, पण नकलेची परवानगी करारात दडलेली नाही ना, हे आधी पाहा." गळा तिचा, मेहनत तिची, मग हक्कही तिचाच राहायला हवा.