मोजकी जादू

वेताळपंचविशींत मंत्रतंत्र भरपूर आहे. पण तें राजाच्या हातीं नाहीं, हें फारसें कुणाच्या ध्यानांत येत नाहीं. सिद्धीच्या मागें लागलेला तो भिक्षु, प्रेतांत शिरून बोलणारा वेताळ. आणि राजाजवळ काय? तरवार, खांदा आणि बुद्धि. उत्तर ठाऊक असून गप्प बसावें, तर डोकें फुटणार. बोलावें, तर प्रेत पुनः झाडावर! अकराव्या शतकांत सोमदेवानें 'कथासरित्सागरां'त गुंफलेल्या या कथेच्या शेवटीं भिक्षूचें कपट उलटतें, तेंही मंत्रानें नव्हे. साष्टांग नमस्कार कसा घालावा तें आपणच दाखवा, एवढ्या साध्या विनंतीनें! राजाला प्रेत चुटकीसरशीं आणतां आलें असतें, तर पहिली गोष्टही ऐकावी लागली नसती. अद्भुताचे भोक्ते मला अरसिक म्हणोत बापडे. पण मंत्र सुचेनासा झाला कीं मगच मला माणसाची काळजी वाटूं लागते.

हें आठवण्याचें कारण, दापोडीच्या आमच्या घरीं रविवारीं चालणारा एक खेळ. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे आपापलें पात्र काय करील तें सांगतात. संशय पडेल तेथें वीस पैलूंचा फांसा निकाल देतो. १९७४ सालीं अमेरिकेंत गायगॅक्स व आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें हा प्रकार प्रसिद्ध केला. त्यांत बलाढ्य मांत्रिक मेलेल्यालाही उठवितात. आमच्या मंडळींना तें मान्य नाहीं. त्यांच्या जगांत मंत्र दुर्मिळ आणि मरण स्वस्त.

गेल्या महिन्यांत माझ्या पुतण्याचें पात्र मेलें. आठ महिने जपलेला वाटाड्या. लढाईंत नव्हे, एका क्षुल्लक बाणाच्या जखमेनें ताप भरून गेला. मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. चहा घेऊन आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीं सुचविलें, "एखादी संजीवनी काढा कीं!" सूत्रधार मुलगी म्हणाली, "काकू, मग तो आठ महिने जपून चालला तें कशासाठीं?" त्या नकारांत मला निष्ठुरपणा दिसला नाहीं. त्या वाटाड्याची प्रत्येक सावध रात्र तिनें खरी मानली होती.

आतां नवें जग मांडलें आहे. नकाशा मात्र घरचाच: पवना मुळेला मिळते तो संगम तसाच ठेवून हॅरिस पूल आणि रेल्वेचा पूल दोन्ही पुसून टाकले आहेत. ज्या नदीकडे बोपोडीला जातांना आम्ही मान वळवूनही पाहात नाहीं, तीच तेथें दुथडी भरून वाहते. पुतण्याचें नवें पात्र एक वैदू आहे. त्याला जखमा बांधतां येतात, पोहतां येत नाहीं. आणि होडींत जागा तिघांची, माणसें चार.